रेस वीकेंडला नवी ९११ जीटी३ जवळून बघायची आहे: दहा मिनिटांत नेमकं काय बघायचं?

लूमवाला
आम्ही सहा जण पुढच्या रेस वीकेंडला सोलापूरहून मद्रास इंटरनॅशनल सर्किटला निघालोय. पॅडॉकमध्ये (रेसच्या गाड्या उभ्या करायच्या आवारात) नवी पोर्शे ९११ जीटी३ उभी असेल आणि थोड्या थोड्या लोकांना दोरीच्या आत सोडतील, असं ऐकतोय. वाट्याला दहा मिनिटं आली तरी खूप. आपल्याकडं अशी गाडी दिसायची म्हणजे पुणे-हैदराबाद हायवेवर, पाठमोरी, तीही दोन सेकंद. त्यामुळं नुसता फोटो काढून परत यायचं नाही. सुरुवात कुठून करायची, काय बघायचं, तिथल्या माणसाला काय विचारायचं? सहातले दोघं फिटर आहेत, एक जण ट्रकच्या टायरचं काम करतो. तेव्हा सोपं करून सांगत बसू नका.

पाना१२१३
आधी 'नवी' म्हणजे कुठली ते ठरव बे. ९९२ पिढीची जीटी३ २०२१ ला आली. तिचीच सुधारलेली गाडी ऑक्टोबर २०२४ मध्ये दाखवली, जीटी३ नावाला २५ वर्षं झाली तेव्हा. लांबून दोन्ही बहिणी-बहिणी.

फरक असा ओळखायचा. सुधारलेल्या गाडीत बंपरमधले वेगळे दिवे काढून टाकले, सगळं हेडलॅम्पच्या आत घेतलं आणि मोकळ्या झालेल्या जागेत हवेची तोंडं मोठी केली. मागच्या विंगच्या दोन टोकांच्या उभ्या पट्ट्या तिरक्या झाल्या. काचेतून आत वाकून बघ: आधीच्या गाडीत मधोमध खऱ्या काट्याचा टॅकोमीटर (इंजिनाचे मिनिटाचे फेरे दाखवणारी तबकडी) आहे, सुधारलेल्यात सगळाच डिस्प्ले. या डिस्प्लेत ती तबकडी फिरवून ९००० चा आकडा बरोबर वर, घड्याळात बारा असतात तिथं आणता येतो. ट्रॅकवर आकडे वाचायला वेळ नसतो. काटा उभा झाला की वरचा गिअर, इतकंच. दोरीजवळच्या माणसाला ते करून दाखवायला सांग.

गिअरच्या दांड्यावरून मात्र फसू नको. इतर ९११ मध्ये पीडीके ऑटोमॅटिकला बोटाएवढं बटण असतं, जीटी३ मध्ये पीडीकेलाही मॅन्युअलसारखा उंच दांडा दिलाय. पेडल मोज. तीन असतील तर सहा गिअरची मॅन्युअल, दोन असतील तर सात गिअरची पीडीके.

हवाबाज
सगळे जण हवा आत कुठून शिरते ते बघतात. तू बाहेर कुठून पडते ते बघ. आत घ्यायला भोक कुठंही पाडता येतं. पण आत गेलेल्या हवेला वाट दिली नाही तर ती बॉनेटखाली आणि चाकांच्या कमानीत कोंडते, दाब वाढतो आणि वेगात गाडीचं नाक उचलायला लागतं. या गाडीची अर्धी मेहनत त्या वाटा काढण्यात गेली आहे.

समोर गुडघ्यावर बस. खालच्या तोंडातून शिरलेली हवा मधल्या रेडिएटरमधून जाते आणि बॉनेटवरच्या दोन मोठ्या नाकपुड्यांतून वर निघते. म्हणजे तीच हवा इंजिनाचं पाणी थंड करते आणि नाकही खाली दाबून ठेवते. बॉनेट कार्बन फायबरचं आहे, त्यावर तळहात टेकवायचा नाही.

मग मागं जा. विंग खालून टेकवलेली नाही, वरून टांगलेली आहे, हंसाची मान वळावी तशी. दिसायला बरं म्हणून नव्हे. ही विंग म्हणजे उलटा केलेला विमानाचा पंख. गाडीला खाली ओढण्याचं बरंचसं काम तिच्या खालच्या बाजूच्या कमी दाबामुळं होतं. आधार खालून लावला की नेमकी तीच बाजू खराब होते, हवा आधाराला अडखळून सुटते. आधार वर नेला की खालचा पृष्ठभाग मोकळा. ही पद्धत ९११ आरएसआर या रेसच्या गाडीवरून आली.

आधाराजवळ बोल्टची भोकं दिसतील. विंगचा कोन हातानं चार जागांवर बदलता येतो. पुढच्या ओठालाही (नाकाखालची पातळ पट्टी) चार जागा आहेत, हे लोक विसरतात. दोन्ही जोडीनं बदलायच्या असतात. मागं कोन वाढवला आणि पुढं तसंच ठेवलं तर वेगात पुढची चाकं हलकी पडतात. स्टिअरिंग वळतं, गाडी सरळ जाते. ट्रॅकवर नवशिके हीच चूक करतात आणि शिव्या टायरला घालतात. २०२१ च्या गाडीबद्दल कंपनीनं सांगितलेला हिशोब असा: ताशी २०० किमीला, साध्या सेटिंगमध्ये आधीच्या जीटी३ पेक्षा ५० टक्के जास्त डाउनफोर्स (गाडीला खाली दाबणारा हवेचा जोर); सगळं टोकाला लावलं तर १५० टक्क्यांहून जास्त.

आणखी एक. मागच्या चाकांच्या वर, बाजूला भोकं शोधू नको. ती ९११ टर्बोला असतात. जीटी३ ला टर्बोच नाही. हिची इंजिनाची हवा मागच्या झाकणावरून जाते.

टायरबुवा
तुमच्यातल्या ट्रकच्या टायरवाल्याला थेट चाकापाशी उभा करा, त्याला सगळ्यात जास्त मजा येईल. पाच नट नाहीत, मधोमध एकच. पुढं २० इंची चाकावर २५५/३५, मागं २१ इंची चाकावर ३१५/३०.

त्या एका नटाला ६०० न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. म्हणजे एक मीटरच्या दांड्याच्या टोकाला ६१ किलोचा जोर. ट्रकच्या एम२२ नटालाही साधारण एवढाच टॉर्क देतात, फक्त तिथं दहा नट असतात, इथं सगळा भार एकावर. म्हणून पद्धत पाळावी लागते. आटे आणि नट जिथं टेकतो तो उतार पुसून स्वच्छ करायचा, सांगितलेली ॲल्युमिनियमची पेस्ट पातळ लावायची, एकानं आत बसून ब्रेक दाबून धरायचा, दुसऱ्यानं टॉर्क रेंचनं ६०० ला आवळायचं. मग पाव फेरा सैल करायचा आणि पुन्हा ६०० ला आवळायचं. तो पाव फेरा गाळला तर पेस्ट आणि उतार नीट बसलेले नसतात. रेंच टक् म्हणतो, पण नट खरा आवळलेला नसतो. शेवटी सॉकेट काढल्यावर मधला लॉक बाहेर उडाला का ते डोळ्यांनी बघायचं. लॉक आत अडकून राहिला तर चाक निघालंच म्हणून समजा.

बिघडतं कुठं? इम्पॅक्ट गन मारली की. गन किती टॉर्क देते ते गनलाही माहीत नसतं. कोरड्या आट्यावर आवळलं तर नट जाम होतो आणि काढताना हब खराब होतं. आणि अशा गाडीचं पंक्चर मोहोळच्या पुढं ढाब्यावर निघत नाही. तो सॉकेट आणि तेवढा मोठा टॉर्क रेंच गाडीबरोबरच हवा.

टायर बघताना बाजूवरचा चार आकडी कोड वाचा: पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. '१४२५' म्हणजे २०२५ चा १४ वा आठवडा. प्रदर्शनातल्या गाडीवर रबराचे वाळलेले गोळे चिकटलेले दिसले तर ती ट्रॅकवर पळून आली आहे. मग टायरची आतली कड बघा. बाहेरची कड खरबरीत आणि आतली गुळगुळीत असेल तर ट्रॅकच्या मानानं कॅम्बर (चाकाचा आतल्या बाजूचा कल) कमी आहे.

लूमवाला
बुवा, हवेचा दाब किती विचारायचा?

टायरबुवा
'थंड किती आणि ट्रॅकवरून आल्यावर किती', असे दोन आकडे विचार. एकच सांगितला तर समोरचा माणूस सेल्समधला आहे. ३० पीएसआयला भरलेला टायर दर १० अंशाला एक ते दीड पीएसआय वाढतो. म्हणून ट्रॅकवाले टायर थंड असताना कमी भरून निघतात, चार-पाच फेऱ्यांनी हवा तो दाब येतो. सकाळी लावलेला दाब दुपारी 'थंड' राहत नाही, हे आपल्याला उन्हाळ्यात विजापूर रोडवर उभ्या केलेल्या गाडीवरूनही कळतं.

शेंगाचटणी
बुवांनी चाकापाशी नेलंच आहे तर आरपार बघा, ब्रेक दिसतील. कॅलिपर (डिस्कला चिमट्यासारखा धरणारा भाग) लाल असतील तर बिडाच्या डिस्क, पिवळे असतील तर सिरॅमिक. काही गाड्यांवर सिरॅमिकलाही काळे कॅलिपर घेतात, म्हणून रंगावर थांबू नका, डिस्क बघा. बिडाची चकचकीत राखाडी. सिरॅमिकची मळकट काळी, नीट बघितलं तर तंतू दिसतात. पुढं बिडाची ४०८ मिमी, सिरॅमिकची ४१०. सिरॅमिक वजनाला निम्मी.

बिडाच्या डिस्कला भोकांभोवती केसासारख्या चिरा दिसल्या तर घाबरू नका, ट्रॅकवर त्या पडतातच. दोन भोकं जोडणारी किंवा कडेपर्यंत पोचलेली चीर मात्र डिस्क बदलायची खूण. सिरॅमिक वेगळ्या तऱ्हेनं मरते. चाक बसवताना रिम डिस्कच्या कडेवर आपटतं आणि टवका उडतो. म्हणून चाक सरकवायला लांब मार्गदर्शक पिन लावतात. ती पिन न वापरता वाचवलेली दोन मिनिटं लाखांत जातात.

ब्रेक ऑइलही विचारा. डॉट ४ चा उकळबिंदू नवं असताना किमान २३० अंश, पाणी शोषलं की किमान १५५ वर येतो. डॉट ५.१ ला तेच २६० आणि १८०. ऑइल हवेतलं पाणी ओढतं आणि चेन्नईची हवा आपल्यासारखी कोरडी नाही. पेडल अचानक खाली जाऊन मऊ लागलं तर पॅड नाही, ऑइल उकळलंय. वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. म्हणून ट्रॅकवर नेण्याआधी ऑइल बदलतात, किलोमीटर किती झाले ते न बघता.

डफरीनचौक
सगळं ठीक, पण ही गाडी आपल्या सोलापुरात चालेल का? स्पीड ब्रेकर आहेत बे.

हवाबाज
हिशोब करू. इंडियन रोड्स काँग्रेसच्या (रस्त्यांचे नियम ठरवणारी संस्था) नियमातला ब्रेकर ३.७ मीटर रुंद, १० सेंमी उंच, १७ मीटर त्रिज्येचा. जीटी३ च्या दोन चाकांमधलं अंतर २.४५७ मीटर. ती ब्रेकरच्या बरोबर माथ्यावर असताना दोन चाकांच्या मधोमध तो कंस किती वर येतो? साडेचार सेंमीहून थोडा कमी. म्हणजे पोट घासणार नाही.

अडचण नाकाची. चाकापुढं साधारण एक मीटर नाक आहे. पुढचं चाक ब्रेकरच्या पायथ्याला लागलं तेव्हा नाक ब्रेकरवर एक मीटर आत गेलेलं असतं आणि तिथं ब्रेकरची उंची जवळजवळ ८ सेंमी. ओठ ट्रॅकच्या सेटिंगला असेल तर खरवडणार. म्हणून नाक उचलायची सोय ऐच्छिक दिली आहे, सुमारे ४ सेंमी वर येतं. या गाडीला ती घेतली आहे का ते विचारा. ज्यानं घेतली नाही त्यानं गाडी ट्रेलरवरूनच न्यायची, असं माझं मत.

हे झालं नियमातल्या ब्रेकरचं. गल्लीत कुणीतरी रातोरात सिमेंटची हातभर रुंद आणि वीतभर उंच लोळी टाकतो, तिला वरचा कुठलाच हिशोब लागू नाही. तिथं पोटच टेकतं. तिरकी घातली तरी.

डफरीनचौक
म्हणजे गड्ड्याच्या जत्रेत ट्रेलरवर ठेवून तिकीट लावायचं.

पाना१२१३
आता इंजिन. झाकण उघडायला लावू नकोस, प्लॅस्टिक आणि हवेच्या डब्याशिवाय फारसं दिसत नाही. विचारायचं ते वेगळं. ४ लिटरचं, सहा सिलिंडर आडवे, तीन-तीन समोरासमोर. बोअर (सिलिंडरचा व्यास) १०२ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ८१.५. सहा सिलिंडरला सहा थ्रॉटल. कमाल ९००० आरपीएम. साध्या लूमचा धोटा मिनिटाला सव्वाशे-दीडशे वेळा जातो. हे इंजिन ९००० ला दीडशे फेरे सेकंदाला मारतं. पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला साडेचोवीस मीटर. या वेगात हायड्रॉलिक टॅपेट (झडपांची फट तेलाच्या दाबानं आपोआप भरून काढणारे) साथ देत नाहीत, म्हणून ते काढून टाकून कडक रॉकर दिलेत. त्यामुळं थंड इंजिन सुरू झालं की शिवणयंत्रासारखी टकटक येते. फिटर मंडळींनी 'टॅपेट वाजतायत' म्हणून हसू नये, ते तसंच असतं.

सुधारलेल्या गाडीची गंमत अशी की सगळे आकडे वाढलेले नाहीत. ताकद ५१० पीएसच (हॉर्सपॉवरचं युरोपी माप) राहिली. नव्या धूर-नियमांसाठी दोन पार्टिकल फिल्टर आणि चार कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले, टॉर्क ४७० वरून ४५० न्यूटन-मीटर झाला. ते भरून काढायला शेवटचं गुणोत्तर (फायनल ड्राइव्ह, सगळ्याच गिअरना लागू) ८ टक्क्यांनी आखूड केलं. त्यामुळं पीडीकेला शून्य ते शंभर ३.४ सेकंदच राहिले, पण टॉप स्पीड ३१८ वरून ३११ वर आला. माहितीपत्रकात हे दोन आकडे शेजारीशेजारी कुणी छापत नाही.

खरी सुधारणा न दिसणाऱ्या जागी आहे. पुढच्या सस्पेन्शनचा एक बॉल जॉइंट खाली नेलाय, त्यामुळं जोरात ब्रेक दाबल्यावर नाक कमी बुडतं. नाक बुडलं की ओठ रस्त्याजवळ जातो, विंग वर येते आणि वर हवाबाजनं सांगितलेला पुढचा-मागचा तोल नेमका वळणाच्या तोंडावर बिघडतो. स्टिअरिंग पूर्ण वळवून ठेवलं असेल तर चाकामागं पुढचा आर्म दिसेल. त्याचा आडवा छेद थेंबासारखा केलाय, तोही हवेसाठीच.

कारखानदार
पण हे सगळं आपल्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर चालणार का? इथेनॉल तर आपल्याच जिल्ह्यातल्या ऊसाचं.

पाना१२१३
ऑक्टेन इथेनॉलमुळं वाढतोच, तो प्रश्न नाही. लिटरमागं ऊर्जा सहा-सात टक्के कमी मिळते, म्हणजे टाकी लवकर संपते. आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तर पाणी धरतं. अशा गाड्या उभ्याच जास्त राहतात, तेव्हा त्रास तिथून.

संपादक
इथेनॉलसाठी वेगळा धागा आहे, साखरेच्या दरावर जाण्याआधी तिकडं चला.

टायरबुवा
पॅडॉकमध्ये हिची रेसमधली बहीण जीटी३ कप कुठं दिसली तर दोन्ही आलटून पालटून बघा. तिचंही इंजिन ४ लिटर, २०२१ च्या कपला ५१० पीएस. पण वजन साधारण १२६० किलो; रस्त्यावरची २०२१ ची पीडीके १४३५ ला. चाकं उलट लहान, १८ इंची, कारण स्लिक (नक्षी नसलेले रेसचे) टायर त्या मापात येतात आणि उंच बाजूचा टायर थोडा लवचीक हवा असतो. मोठं चाक म्हणजे जास्त रेसिंग, हा समज तिथं गळून पडतो. जॅक बाहेरून लावत नाहीत. गाडीच्या पोटातच हवेचे जॅक आहेत, नळी जोडली की फुस्स करून चारही चाकं वर. छताला झडप आहे, अपघातात ड्रायव्हरला बाहेर काढायला. गिअर सहा, सिक्वेन्शियल, म्हणजे एकामागून एक क्रमानंच बदलणारे.

शेंगाचटणी
वेळ शुक्रवारी सरावाच्या दिवशी धरा. शनिवारी क्वालिफायिंगपासून गर्दी होते, रविवारी दोरीपर्यंतही पोचत नाही. बॉडीचे जोड बघायला सकाळचं किंवा संध्याकाळचं तिरकं ऊन लागतं, दुपारी सगळं सपाट दिसतं. मोबाइलची रुंद लेन्स वापरू नका, नाक फुगलेलं येतं. दोन पट झूम, चार पावलं मागं, कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर. बेल्टचं बकल आणि जीन्सची बटणं शर्टाखाली झाका, वाकताना रंगावर ओरखडा तिथूनच पडतो. गाडी नुकतीच आली असेल तर मागच्या दोन नळकांड्यांपासून पोरांना लांब ठेवा. पायात बंद बूट. पिट लेनमध्ये १६ वर्षांखालच्यांना सहसा सोडत नाहीत. कानात फोमचे बोळे, आणि ते पिळून बारीक करून, कान वर ओढून घालायचे. नुसते टेकवले तर उपयोग नाही.

डफरीनचौक
जायचं कसं, रेल्वेनंच ना?

लूमवाला
हो अण्णा, सोलापूर-वाडी-गुंतकल-रेणीगुंटा मार्गानं. अरक्कोणमला थांबणारी गाडी बघतोय. सर्किट श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टैला आहे, चेन्नई शहरात शिरायची गरज नाही. नाकाची लांबी आणि ओठाची उंची मोजायला टेप घेतलाय.

हवाबाज
कुठला टेप? स्टीलचा असेल तर घरीच ठेव, सुटून परत आला की रंगावर फटका बसतो. शिंप्याचा कापडी घे. आणि मोजण्याआधी विचार, नाक उचललेलं आहे की खाली.